पालथा कप

सोसायटीच्या मीटिंगमध्ये हात वर करायची पद्धत भालखेड्यात कधी पडलीच नाही. तिथं कप पालथा घालायचा.

त्यामागं फार मोठा विचार होता अशातला भाग नाही. ऑफिसच्या मागं खताचं गोडाऊन, गोडाऊनच्या मागं म्हशींचा गोठा, आणि दोन्हीकडच्या माशा ऑफिसात मुक्कामाला. चहा पिऊन झाला की उष्ट्या कपावर त्या घोंगावायच्या, म्हणून कुण्या जुन्या चेअरमननं कप बशीत पालथा घातला. त्याचं बघून दुसऱ्यानं घातला. पुढं पुढं असं झालं की विषय मांडून व्हायचा, चहा यायचा, कप पालथे पडायचे आणि सचिव ठरावाखाली 'सर्वानुमते मंजूर' लिहून मोकळा व्हायचा. आताचे चेअरमन भूपेंद्रनाना तर शेवटचा कप पालथा झाल्याशिवाय खुर्चीतून उठत नसत. उपसा सिंचन सोसायटीचा सगळा कारभार असा बशीत चालायचा. तापीचं पाणी शेतात येत होतं, पपई उभी होती, तोवर कुणाची तक्रारही नव्हती.

मध्यंतरी नाना धुळ्याला सहकाराच्या प्रशिक्षणाला जाऊन आले. तिथून त्यांनी एक पिशवी, एक पेन आणि एक वाक्य आणलं. पिशवी फाटली, पेन हरवलं, वाक्य राहिलं. कुठलाही विषय मांडून झाला की नाना चष्मा काढून म्हणायचे, "आपल्याकडं खुली चर्चा असते. ज्याला बोलायचं त्यानं मोकळ्या मनानं बोलावं." एवढं म्हणून ते दाराकडं बघत, आणि दारातून चहा आत येई.

त्या वाक्यावर विश्वास ठेवणारा एकच माणूस निघाला, तो म्हणजे नवलआबा. पहिला वॉल्व्ह नेहमी नानांच्याच शेताचा का उघडतो, असं आबांनी भर मीटिंगमध्ये विचारलं. नाना रागावले नाहीत. ते कधीच रागावत नाहीत, हीच तर त्यांची भीती. "आबांचा मुद्दा बरोबर शे," असंच म्हणाले. त्यानंतर आबांची पाण्याची पाळी यायची आणि नेमकी लाईट जायची. लाईट यायची तेव्हा पाळी पुढं सरकलेली असायची. कुणी मुद्दाम काही केलं असं बोट दाखवून सांगता येईना. आबांची पपई मात्र बुडापासून पिवळी पडत गेली आणि एक दिवस आबांनी ती स्वतःच कुऱ्हाडीनं तोडली. तेव्हापासून मीटिंगमध्ये पहिला कप आबांचा पालथा व्हायचा.

अशा मंडळावर ताईबाई निवडून आली ती महिलांच्या राखीव जागेवर, बिनविरोध. दोन जागा होत्या. एकीवर नानांची भावजय रूपाली, दुसरीवर कोण, असा प्रश्न आला तेव्हा नाना म्हणाले, मगनची बायको घ्या, आपलंच माणूस शे. मगन सोसायटीकडं रोजंदारीवर होता. नदीकाठच्या जॅकवेलमध्ये, म्हणजे पाणी उपसायच्या त्या खोल गोल विहिरीत, काही अडकलं की उतरायचं काम त्याचं. त्याचा बापही विहिरीत उतरायचा. ताईबाईला काही विचारलं नाही आणि तिनंही नाही म्हटलं नाही. मीटिंगच्या दिवशी ती चांगलं लुगडं नेसायची, कोपऱ्यातल्या खुर्चीवर अर्धीच टेकायची, आणि चहा प्यायची.

यंदा चैत्रातच तापी मागं सरकली. जॅकवेलच्या तळाची जाळी गाळानं बुजली, मोटारी नुसत्या घरघरायला लागल्या, पाइपातून पाण्याऐवजी हवा यायला लागली. गावभर पपईची नवी रोपं गुडघ्याएवढी होऊन उन्हात उभी होती, दुपारी पानं मिटून घ्यायची. तेव्हा नानांनी मीटिंग बोलावली.

"साधा विषय शे," नाना म्हणाले. "दिवसा लाईट नाही आणि वरून डिझेल इंजिनाची ओढ तळापर्यंत लागत नाही. म्हणून इंजिन आत, मधल्या टप्प्यावर उतरवायचं. पाणी उपसत ठेवायचं आणि मगननं खाली जाऊन जाळी मोकळी करायची. रविवारी सकाळी."

गेल्या उन्हाळ्यात पलीकडच्या गावात असंच झालं होतं. विहिरीत इंजिन चालू, खाली माणूस. तो हाकेला ओ देईना म्हणून त्याचा भाऊ उतरला. दोघांना दोरानं वर काढलं तेव्हा श्वास नव्हता आणि अंगावर एक ओरखडा नव्हता. ताईबाई दारावर गेली होती. त्या भावांच्या बायका एकीशेजारी एक बसल्या होत्या आणि एकच रडत होती, दुसरीचं तोंड नुसतं उघडं होतं. ते उघडं तोंड ताईबाईला वर्षभर अधूनमधून दिसायचं.

"आपल्याकडं खुली चर्चा असते," नानांनी चष्मा काढला.

तिनं इकडंतिकडं बघितलं. आबा खाली फरशीकडं बघत होते. रूपाली मोबाईलमध्ये होती. तेजस म्हणून एक तरुण संचालक होता, त्यानं तोंड उघडल्यासारखं केलं आणि जांभई दिली. बोलायचं, ताईबाई मनात म्हणाली, आता बोलायचं. घसा असा कोरडा पडला होता की शब्द आत चिकटून बसला. तेवढ्यात चहा आला. घसा ओला करावा म्हणून तिनं तो गरम गरम घशाखाली ढकलला. कप बशीत ठेवला, आणि गोठ्यावरची एक जाडजूड निळी माशी त्याच्या काठावर येऊन बसली. ताईबाईनं माशी हाकलली आणि कप पालथा घातला.

तिच्या लक्षात येईपर्यंत बाकीचे कपही पालथे झाले होते आणि सचिव पियुषनं लिहूनही टाकलं होतं.

"वा," नाना उठत म्हणाले, "ताईबाईंनीच पयला कप पालथा करा. घरना मानूस असा पाहिजे."

ती घरी आली तेव्हा मगन ओसरीत बसून दोर तपासत होता. सासू, मंजुळाबाई, मिरचीच्या ढिगापुढं बसून देठं खुडत होती. दोंडाईच्याच्या व्यापाऱ्याची मिरची होती ती, दोघी सासवासुना मजुरीवर खुडायच्या. घरात पाऊल टाकलं की डोळ्यांत पाणी यायचं, त्यामुळं ताईबाई रडत होती का ते कुणाला कळलं नाही.

"बठ्ठा गाव सांगी ऱ्हायना," मगन मान वर न करता म्हणाला, "ताईबाईनी सगयासना पयले कप पालथा करा."

"माशी व्हती," ती म्हणाली.

"काय?"

"कपवर माशी बठेल व्हती वो. म्हनीसन करा."

मगन तिच्याकडं बघतच राहिला. मग हसायला लागला. हसता हसता त्याला ठसका लागला, मिरचीचा का कशाचा, आणि तो छाती धरून बसला. "मी तुले इतला जड व्हई गऊ का वं?" तो म्हणाला. चेष्टेनंच म्हणाला, पण ते तिच्या काळजात गेलं ते गेलंच.

"नई जावानं तुम्ही," ताईबाई म्हणाली.

"नानानी सांगं शे. मी नई उतारनू ते दुसरा उतारी. कोनी ना कोनी ते उतारीच."

"मंग त्यानी बायको रडी. इतलंच ना?"

म्हातारी देठं खुडत खुडतच म्हणाली, "याना बापबी हिरमा उतरे. पन तव्हय हिरमा पानीनं भ्याव व्हतं. हवानं नव्हतं."

"माय, तू गप बठ," मगन म्हणाला आणि दोराची गाठ सोडून परत मारली. ती गाठ तो संध्याकाळपासून मारत होता आणि सोडत होता.

दुसऱ्या दिवशी पहाटेच ताईबाई हंडा घेऊन रोपांना पाणी घालायला लागली. दोन एकरांत हंड्यानं पाणी घालायचं म्हणजे नुसती जिवाची समजूत. गावच्या हापशावरून हंडा भरायचा, बांधापर्यंत आणायचा, तांब्या तांब्या बुडाशी ओतायचा. माती ते तोंडानं ओढून घ्यायची आणि पुढच्या रोपाशी जाईस्तोवर मागचं बूड पांढरं पडायचं. मान आखडली, चुंबळीखालचे केस ओले होऊन कपाळावर चिकटले. पाणी लागतंच, हे तिला कुणी सांगायला नको होतं. नाना खोटं बोलत नव्हते. जाळी मोकळी झाली नाही तर सगळ्या गावाची रोपं जातील, त्यांत तिचीही जातील. पण त्या रोपांकडं बघितलं की तिला तीच दोन माणसं आठवायची, अंगावर ओरखडा नसलेली.

मगन कामावर गेला नव्हता. तो घरातली कामं उरकत होता. दाराची कडी पावसाळ्यापासून निसटायची ती त्यानं बसवली. म्हातारीच्या खाटेची सैल नवार ताणली. सायकलला तेल घातलं. वर्षभर सांगून जी कामं झाली नव्हती ती एका दिवसात झाली, लांब निघालेला माणूस आवरतो तशी. त्यानं भाकरी निम्मीच खाल्ली. "ऊन भलतं शे," म्हणाला.

ती नवलआबांकडं गेली. आबा रिकाम्या शेतात, तोडलेल्या पपईची वाळके बुंधे गोळा करत होते.

"आबा, तुम्ही मीटिंगमा बोला. तुमनं आयकतीन."

आबांनी बुंधा खाली टाकला. "मनाकडे देखू नको, बेटा. मी एकदाव बोलनू. मनी जीभ त्या पपईसंगे जयी गई."

"तुम्हाले वाटस का, इंजिन चालू असताना मानूस उतारनं बरं शे?"

"बरं कसं राही? धूर काय वर जास? तो खालेच बठस. बठ्ठासले माहीत शे."

"मंग कोनीच कसं बोलत नई?"

"प्रत्येकना वॉल्व्ह शे ना," आबा म्हणाले. "मी पयला कप पालथा करस. निदान राहिलसाहिल वाचस."

"तुमनं वाचस आबा," ताईबाई म्हणाली. "आमनं?"

आबांनी पुन्हा बुंधे गोळा करायला सुरुवात केली. तिच्याकडं पाठ होती, तरी त्यांची मान कशी लाल झाली ते तिला दिसलं.

मग तिनं मनाचा हिय्या केला आणि थेट नानांच्या घरी गेली. नाना ओट्यावर झोक्यावर बसले होते, भोवती दोन-चार माणसं. तिला बस म्हणाले नाहीत, उभीच राहा असंही म्हणाले नाहीत. ती खांबाशी उभी राहिली. मिरचीनं हात लाल झालेले, ते तिनं पदराखाली घेतले.

"या ताईबाई. काय काम काढं?"

"नाना, इंजिन चालू ऱ्हाई तव्हय मानूस खाले नको. धूर कोंडास. दोंडाईचाना पंखावाला शे ना, तो हवा सोडीसन मंग…"

"पंखावाला चार दिवस रिकामा नई. मी फोन करा. चार दिवसमा रोपं जयी जातीन. तुमनाबी दोन एकर शे." नानांचा आवाज अगदी मऊ होता, आजाऱ्याशी बोलावं तसा. "पन हाई तुम्ही मीटिंगमा काब नई बोल्यात? मी इचारं व्हतं ना? खुली चर्चा शे, असं सांगं व्हतं का नई?"

"सांगं व्हतं."

"मंग?"

माशीचं सांगायला तोंड उघडलं आणि तिला स्वतःचीच लाज वाटली.

"मगन भेस का?" नानांनी विचारलं.

"नई," ती घाईनं म्हणाली. नवऱ्याला भित्रा कसं म्हणणार, तेही या चार माणसांत.

"मंग भेस कोन?"

"मी भेस."

"आनि उतारनार कोन शे? तुम्ही?" नाना हसले. झोक्याभोवतीची माणसंही हसली. एकानं तर हसता हसता मांडीवर थाप मारली. "जा घरी. रविवारी जॅकवेलवरच मीटिंग ठेयेल शे. नारळ फोडसूत, मागचं इतिवृत्त कायम करसूत. तुम्हाले बोलनं व्हई ते तठे बोला. बठ्ठासमोर."

परत येताना तिला वाट दिसत नव्हती. रागानं नव्हे, भीतीनं. नाना बोला म्हणाले होते, आणि आबांना बोला म्हटल्यावर काय झालं ते तिच्या डोळ्यांपुढं होतं. बोलली तर पाणी जाईल. नाही बोलली तर माणूस जाईल. एवढी उघड गोष्ट असूनही तिचं ठरत नव्हतं. ती स्वतःलाच म्हणाली, ताईबाई, तू इतकी कशी ग भित्री.

रविवारी ऊन चढायच्या आतच सगळे नदीवर जमले. इंजिन चेनकप्पीनं आधीच आत उतरवलं होतं. मगननं स्वतः टाकी भरून ते सुरू करून दिलं होतं आणि वर आला होता. आता ते विहिरीच्या पोटात धडधडत होतं, त्या आवाजानं कठड्यावरचे खडे थरथरत होते. उपसलेलं पाणी पाइपातून नदीच्या वाळूत पडत होतं. विहिरीच्या तोंडाशी निळसर धूर होता. तो वर निघून जात नव्हता, काठाशी लोंबकळत होता.

बाभळीखाली प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. कपबश्या ऑफिसातून टोपलीत भरून आणल्या होत्या, कारण कागदी कप पालथा घालण्यात काही वजन नाही. नारळ फुटला. मगनच्या कपाळाला कुंकू लावलं. तो उघड्या अंगानं, कमरेला दोर बांधून शिडीशी उभा होता. दोराचं दुसरं टोक दोघांनी धरलं होतं. ताईबाईनं त्याच्या छातीकडं बघितलं. बरगड्यांखालचं पोट भराभर आतबाहेर होत होतं. तो भ्यालाय, तिला कळलं. माझ्याहून जास्त भ्यालाय, आणि तरी उतरणार.

पियुषनं मागचं इतिवृत्त वाचलं. 'सर्वानुमते मंजूर' हे शब्द त्यानं नेहमीपेक्षा मोठ्यानं म्हटले, इंजिनाच्या आवाजामुळं.

"आपल्याकडं खुली चर्चा असते," नाना म्हणाले आणि किटलीवाल्याकडं बघितलं.

चहा आला. आबांचा कप आधी पालथा झाला. मग रूपालीचा, तेजसचा, एकामागून एक सगळ्यांचे. ताईबाईचा कप भरलेलाच होता. तिनं तो दोन्ही हातांनी मांडीवर दाबून धरला. गरम चहा बशीत हिंदकळला, बोटांवर आला. तिनं धरूनच ठेवला.

"ताईबाई, चहा गार व्हई ऱ्हायना," नाना म्हणाले.

"व्हऊ द्या."

इंजिन धडधडत होतं, तरी सगळ्यांनी ऐकलं.

"माले बोलनं शे," ती उभी राहिली. आवाज बारीक, चिरका निघाला, तिचा तिलाच ओळखू येईना. "मागली मीटिंगमा मना कपवर माशी बठेल व्हती. म्हनीसन मी तो पालथा करा. मनं मंजूर नव्हतं. आजबी नई."

कुणीतरी खिक्कन हसलं. पियुषनं पेन उचललं आणि नानांकडं बघितलं. "नाना, माशीचं काय लिहू?"

"माशीनं ऱ्हाऊ दे," ताईबाई म्हणाली. "ताईबाईना नकार शे, इतलं लिख."

"ताईबाई, बस कर," शिडीजवळून मगन ओरडला. त्याचा चेहरा काळवंडला होता. "गावमा मनी लाज काढू नको." आणि त्यानं एक पाय शिडीच्या पहिल्या पायरीवर टाकला. ताईबाईच्या मनात आलं, आपण बोललो म्हणून ईर्ष्येनंच हा उतरणार, आणि मग जन्मभर हे आपल्याच माथी.

"लिहून घे पियुष," नाना शांतपणे म्हणाले. "एक नकार. बाकी मंजूर. याले लोकशाही म्हनतस. मगन, उतर."

"थांबा," ती म्हणाली. आता मागं फिरायला जागाच उरली नव्हती, म्हणूनच बहुधा तिला पुढचं सुचलं. ती नानांशी बोलली नाही. रूपालीकडं वळली. "रूपालीवहिनी, तुमना मानूसले उतारशात का आठे? आज, आते?"

रूपालीनं मोबाईल खाली घेतला. तिची मान नकळत हलली, नाही अशी.

"तेजसभाऊ, तुम्ही तुमना बापले उतारशात?"

तेजसनं धुराकडं बघितलं. "धूर ते मीबी कव्हयना देखी ऱ्हायनू, नाना," तो चाचरत म्हणाला. "तो हालतच नई."

"हवा पडेल शे, म्हनीसन," नाना म्हणाले.

"हवा पडेल शे ते मंग खाले काय व्हई?" हे नवलआबा होते. ते बसल्या जागेवरून बोलले, फरशी नव्हती म्हणून वाळूकडं बघत बोलले, पण बोलले. मग त्यांनी वाकून आपला पालथा कप उचलला आणि बशीत उताणा ठेवला. चिनीमातीचा टक असा आवाज झाला. "मनाबी नकार शे. रोपं जातीन. मनी ते जायेलच शेतस, माले काय. पन मानूस उतारानं नई."

आणि मग गलका झाला. भालखेड्याच्या सोसायटीत अशी मीटिंग कधी झाली नव्हती. एक म्हणाला, चार दिवसांत रोपं मरत नाहीत, टँकर आणू. दुसरा म्हणाला, टँकर काय तुझा बाप देणार? तिसऱ्यानं सांगितलं, मला तर पहिल्या दिवसापासून हे पसंत नव्हतं. मग तोंड शिवलं होतं का, असं त्याला चौथ्यानं विचारलं. इंजिन बंद करून उतरवू, कुणी म्हणालं. बंद केलं की पाणी परत भरतं, कुणी म्हणालं. नाना दोन्ही हात वर करून "एकेकानं बोला, एकेकानं," म्हणत होते आणि कुणी ऐकत नव्हतं. मगन एक पाय पायरीवर आणि एक काठावर ठेवून तसाच उभा होता. उतर म्हणायला कुणाला सवड नव्हती.

त्या गलक्यातच इंजिनाचा आवाज जड झाला. आधी मगनलाच कळलं, त्यानं मान खाली वळवली. धडधड मंदावली, अडखळली, दमेकऱ्यानं ढास घ्यावी तशी दोन-तीनदा ढासली, आणि बंद पडली.

बोलणारे विहिरीकडं वळले. वाळूत पडणारी पाण्याची धार बारीक होत होत थेंबांवर आली.

"डिझेल संपनं व्हई," नाना म्हणाले.

"टाकी मी काठोकाठ भरेल शे," मगन म्हणाला. त्याचा आवाज खोल गेला होता. "त्याले हवा नई भेटनी."

लोखंडाला खाली श्वास घेता आला नव्हता. नुसता चहा वेळेवर संपला असता तर मगन एव्हाना त्या इंजिनाच्याही खाली असता, आणि दोराच्या टोकाला उभे असलेले दोघे त्याला हाका मारत असते. दोर धरणाऱ्यांतल्या एकानं तो हातातून सोडून दिला आणि मटकन खाली बसला.

मगननं पायरीवरचा पाय उचलून काठावर घेतला. कमरेची गाठ सोडायला गेला तर बोटं वळेनात. जी गाठ तो दोन दिवस मारत आणि सोडत होता तीच त्याला सुटेना. ताईबाई गेली आणि सगळ्यांसमोर वाकून तिनं ती दातानं ओढून सोडवली. त्याचं अंग घामानं थंडगार पडलं होतं. तो तिच्या डोक्यावर हात टेकवून उभा राहिला, आधाराला ठेवावा तसा. आता लाजेची गोष्ट त्यानं काढली नाही.

नाना विहिरीच्या तोंडाकडं बघत होते. मग चष्मा चढवून म्हणाले, "पियुष, लिही. पंखा आल्यावर, आतली हवा तपासून मगच माणूस उतरवायचा. सर्वानुमते." सवयीनं त्यांची नजर कपांकडं गेली. कुणाचाही हात कपाकडं गेला नाही. नाना तसेच उठले.

जाता जाता ते ताईबाईपाशी रेंगाळले. "ताईबाई, तुमनी पानीनी पाळी कव्हयनी शे?" आवाज तोच, मऊ.

"मंगळवारनी."

"देखूत."

या 'देखूत'चा अर्थ आख्ख्या गावाला माहीत होता. ताईबाईच्या डोळ्यांपुढं दोन एकर पिवळं पडलं. एवढं होऊनही भीती काही गेली नव्हती, नुसती कूस बदलून पडली होती.

"आम्हीबी देखसूत," मागून आबा म्हणाले. तेजस त्यांच्याशेजारी उभा होता. तो तिथून हलला नाही. नानांनी दोघांकडं बघितलं आणि मोटारसायकलकडं चालू लागले.

ताईबाई आपल्या खुर्चीवर परत आली. आज ती पूर्ण टेकून बसली. चहावर साय धरली होती. तिनं तो गार चहा शेवटच्या घोटापर्यंत पिऊन टाकला आणि कप बशीत ठेवला. पियुष टोपली घेऊन कप गोळा करत आला. दोन माशा आधीच काठावर येऊन बसल्या होत्या. त्यानं हाताच्या सवयीनं कप पालथा घालायला धरला, तर ताईबाईनं त्यावर आपला लाल हात ठेवला.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "बठू दे माश्या."